यंत्रगप्पा : पाटी पुसण्याआधी



गेल्या अंकानंतर आमच्याकडे जे प्रश्न आले त्यातला एक प्रश्न तीन वेगवेगळ्या घरांतून आला, आणि गंमत म्हणजे तिन्ही घरांत तो बाप-लेकांच्या वादातूनच निघाला होता. मुलगा (एका घरी मुलगी) कॉलेजात प्रोग्रॅमिंग शिकतोय. त्या काळ्या खिडकीत, म्हणजे टर्मिनलमध्ये, प्रोग्रॅम चालवला की आधीच्या उत्तराखाली नवं उत्तर येतं, त्याखाली आणखी एक, आणि थोड्या वेळानं आत्ताचं कुठलं नि मघाचं कुठलं हेच कळेनासं होतं. बाबा महाराष्ट्रातल्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेले. ते हातातला चहाचा कप खाली न ठेवता सांगतात, "अरे सोप्पं आहे, पहिल्या ओळीत क्लिअर-स्क्रीन टाक." मुलगा टाकतो. कंपायलर म्हणतो, असलं काही आम्हाला ठाऊक नाही. त्यानंतर मुलगा बाबांकडे ज्या नजरेनं पाहतो, तिचं वर्णन इथे मुलं वाढवलेल्या वाचकांसाठी करायला नको.

आमचा निवाडा असा की दोघंही बरोबर आहेत. बाबांच्या यंत्रावर ते चालत होतं, आणि मुलाच्या यंत्रावर ते चालणार नाही. पण असं का, याचा माग काढत गेलं की प्रोग्रॅमिंगच्या बाहेरही उपयोगी पडेल अशी एक गोष्ट हाती लागते. पडद्यावरचा मजकूर पुसणं हे आपल्याला वाटतं तितकं संपूर्ण नसतं, आणि वाटतं तितकं निरुपद्रवीही नसतं. ज्यांचा संगणकाशी संबंध ई-मेलपुरताच आहे त्यांनीही पान उलटू नये. शेवटी त्यांच्या कामाचंही काही आहे.

बाबांची पाटी

बोर्लंड कंपनीचा टर्बो सी १९८७ साली आला आणि टर्बो सी++ १९९० साली. अमेरिकेत त्यांचं कौतुक लवकरच ओसरलं. आपल्याकडच्या कॉलेजांच्या प्रयोगशाळांत मात्र एकविसावं शतक उजाडून बरीच वर्षं झाली तरी तो निळा पडदा ठाण मांडून होता. आम्हीही त्याच निळ्या पडद्यावर शिकलो. जर्नलमधल्या प्रत्येक प्रोग्रॅमची पहिली ओळ क्लिअर-स्क्रीन, शेवटची ओळ ‘गेट-सीएच’. या दोन ओळींशिवाय प्रोग्रॅम म्हणजे गणपतीशिवाय आरती! पहिली ओळ कशासाठी, तर मागच्या वेळचं उत्तर पडद्यावर तसंच शिल्लक राहायचं म्हणून. शेवटची कशासाठी, तर प्रोग्रॅम संपताक्षणी निळा पडदा परत यायचा आणि उत्तर वाचायच्या आतच नजरेआड व्हायचं, त्याला कळ दाबेपर्यंत थोपवून धरायला. ऑल्ट आणि एफ-५ दाबलं की गेलेलं उत्तर परत दिसतं, हे ज्याला माहीत असायचं तो आख्ख्या बॅचमध्ये पंडित गणला जायचा.

आता त्या क्लिअर-स्क्रीनच्या पोटात काय चालायचं ते पाहू. त्या काळच्या पीसीवर अक्षरांचा पडदा म्हणजे २५ ओळी आणि ८० रकाने, एकूण २,००० घरं. प्रत्येक घराला दोन बाइट, एक अक्षराचा आणि एक रंगाचा. म्हणजे सगळा पडदा मिळून स्मृतीतली ४,००० बाइटची एक पट्टी. त्या पट्टीत जे लिहाल ते तत्क्षणी काचेवर दिसणार. पडदा पुसायचा म्हणजे २,००० घरांत कोरी जागा भरायची, बस्स. डॉसमध्ये एका वेळी एकच प्रोग्रॅम, आणि तो चालू असेपर्यंत पडदा सर्वस्वी त्याचा. शाळेतल्या दगडी पाटीसारखंच हे. पाटी माझी, पेन्सिल माझी, ओलं फडकंही माझंच.

पण लक्षात घ्या, हे फडकं बोर्लंडनं आपल्या पदरचं दिलेलं होतं. सी या भाषेच्या प्रमाण ग्रंथालयात ते कधीच नव्हतं आणि आजही नाही. सी भाषेला पडदा ही वस्तूच ठाऊक नाही! तिच्या दृष्टीनं प्रोग्रॅममधून अक्षरांची एक धार बाहेर पडते, एवढंच. ती धार पुढे कुठे जाते, काचेवर की कागदावर की डिस्कवरच्या फाइलीत, याची तिला फिकीर नाही. म्हणून मुलाचा कंपायलर हात वर करतो. त्याचं काही चुकत नाही.

मुलाची पाटी

मुलाच्या यंत्रावर पाटी दुसऱ्याची आहे. प्रोग्रॅम एक, टर्मिनल हा वेगळाच दुसरा प्रोग्रॅम. पहिल्यानं अक्षरं नळीत सोडायची, दुसऱ्यानं ती काढून खिडकीत मांडायची. नळीचं दुसरं टोक शेजारी असेल किंवा पुण्याच्या ऑफिसातला प्रोग्रॅम न्यू जर्सीतल्या खिडकीत बोलत असेल. प्रोग्रॅमचा हात पाटीपर्यंत पोचतच नाही. त्याला पुसायचं असेल तर त्याच नळीतून निरोप धाडायचा, की बाबा रे, तेवढं पुसून घे.

आता प्रश्न असा की त्या धारेतला मजकूर कुठला आणि निरोप कुठला, हे पलीकडच्यानं कसं ओळखायचं? याचं उत्तर समजायला थोडं मागे, कागदाच्या काळात जावं लागतं.

पडदे यायच्या आधी संगणकाशी बोलण्याचं साधन होतं टेलिटाइप, म्हणजे तारेनं चालणारा टंकलेखक. त्यातला गाजलेला ‘मॉडेल ३३’ १९६३ सालचा. सेकंदाला दहा अक्षरं या वेगानं तो खडखडाट करत कागदाच्या गुंडाळीवर छापायचा. युनिक्समध्ये टर्मिनलला आजही ‘टीटीवाय’ म्हणतात ते याच टेलिटाइपवरून. या यंत्राला अक्षरांबरोबर काही हुकूमही पाठवावे लागत, आणि त्यांना अक्षरांच्याच तक्त्यात क्रमांक दिलेले होते. ७ म्हणजे घंटा वाजव, आणि ती खरोखरची ठणठणाटी घंटा असे. १० म्हणजे कागद एक ओळ वर सरकव. १३ म्हणजे छापणारा गाडा डाव्या कडेला परत ने. १२ म्हणजे सबंध पान संपलं, नवीन पान काढ.

आता कंट्रोल कळीचं गुपित सांगतो. इंग्रजी मुळाक्षरं बोटांवर मोजा. जी सातवं, जे दहावं, एल बारावं, एम तेरावं. कंट्रोल दाबून ते अक्षर दाबलं की तो क्रमांक जातो. टर्मिनलमध्ये कंट्रोल-एल दाबलं की पडदा का कोरा होतो, हे आम्हाला अनेकांनी विचारलंय. बारावं अक्षर, बारावा हुकूम, नवीन पान! कागद गेला, गुंडाळी गेली, खडखडाट गेला, पण ‘नवीन पान काढ’ हा हुकूम अजून आपल्या बोटांत शिल्लक आहे. आणि यातच एक खोच आहे. नवीन पान काढणं म्हणजे जुनं पान फाडणं नव्हे. टेलिटाइपवर जुनं पान यंत्राच्या मागे लोंबतच असायचं. हा मुद्दा पुढे लागणार आहे, गाठ मारून ठेवा.

१९७० च्या दशकात काचेचे पडदे आले. काच पुसता येते, कर्सर हवा तिथे नेता येतो, म्हणजे नवे हुकूम आले. पण तक्त्यात तेवढ्या जागा कुठल्या? मग एकच जागा, २७ क्रमांकाची ‘एस्केप’, ही सूचनेसारखी वापरायची ठरली. एस्केप आला की समजायचं, पुढची अक्षरं छापायची नाहीत, तो निरोप आहे. इथवर छान. पण आपल्याकडे जशी दर बारा कोसांवर भाषा बदलते, तशी इथे दर कारखान्यागणिक बदलू लागली. डेक कंपनीच्या व्हीटी-५२ ला पुसायला सांगायची रीत एक, तर लिअर सिग्लर कंपनीच्या एडीएम-३ए ला नुसता कंट्रोल-झेड पुरे. एकाचा निरोप दुसऱ्याला पाठवला तर पुसणं राहिलं बाजूला, पडद्यावर कचरा.

या बोलीभाषांच्या गोंधळावर बर्कलीच्या बिल जॉय यांनी उतारा काढला. ‘व्हीआय’ हा संपादक लिहिताना त्यांनी ‘टर्मकॅप’ नावाचा एक दुभाषी कोश तयार केला. कुठल्या टर्मिनलला कुठला हुकूम कसा सांगायचा याची ती यादी. आज तुम्ही लिनक्सवर किंवा मॅकवर ‘क्लिअर’ ही आज्ञा देता तेव्हा ती याच कोशाच्या वारसदारात डोकावून टर्मिनलच्या बोलीतला शब्द शोधते आणि तो पाठवून देते. तिचं काम एवढंच! दुसरीकडे प्रमाणभाषाही ठरली. युरोपच्या ‘एक्मा-४८’ ची पहिली आवृत्ती १९७६ ची, अमेरिकेचं ‘एएनएसआय’ प्रमाण १९७९ चं, आणि ते अंगीकारणारं डेकचं व्हीटी-१०० हे टर्मिनल १९७८ चं. ते इतकं चाललं की आजची बहुतेक टर्मिनल-खिडकी त्याचीच नातवंडं-पतवंडं आहेत.

तर आता मुलाला सांगायचं उत्तर. नळीतून आधी पाठवायचं एस्केप, चौकोनी कंसाचं उघडं तोंड आणि कॅपिटल एच. याचा अर्थ कर्सर वरच्या डाव्या कोपऱ्यात ने. मग एस्केप, तोच कंस, आकडा २ आणि कॅपिटल जे. याचा अर्थ सबंध पडदा पूस. दोन निरोप कशाला? कारण ‘पूस’ म्हटलं म्हणून कर्सर जागचा हलत नाही. नुसतं पुसलंत तर पुढचं उत्तर कोऱ्या पडद्याच्या तळाशी कुठेतरी उमटेल. विंडोजवर पूर्वी हे चालत नसे, तिथली आज्ञा ‘सीएलएस’. विंडोज १० पासून तिथली खिडकीही ही भाषा समजते, मात्र प्रोग्रॅमनं आधी तशी मुभा मागून घ्यावी लागते.

हॉल भाड्याचा आहे

उत्तर दिलं, पण सल्ला वेगळाच द्यायचाय. बहुतेक वेळा पुसायची गरजच नसते!

आपण मंडळाच्या गणपतीला शाळेचा हॉल भाड्यानं घेतो. मखर उभारतो, पताका लावतो, दोन दिवस हॉल आपला. तिसऱ्या दिवशी खुर्च्या होत्या तशा लावून किल्ली परत देतो. तिथल्या फळ्यावर सोमवारच्या तासाचं गणित लिहिलेलं असेल तर पुसतो का? नाही. त्यावर चादर टांगतो. टर्मिनल म्हणजे हा भाड्याचा हॉल. तुमचा प्रोग्रॅम सुरू व्हायच्या आधी तिथे माणसानं काहीतरी काम केलेलं असतं. कदाचित एखादी चुकीची सूचना वाचता-वाचताच त्यानं तुमचा प्रोग्रॅम चालवलेला असतो. ते त्याचं आहे. आणि चादरीची सोयही केलेली आहे. ‘व्हीआय’ किंवा ‘लेस’ उघडा, सगळा पडदा त्याचा होतो. बंद करा, मघाचा मजकूर जिथल्या तिथे. याला पर्यायी पडदा म्हणतात. पडदाभर खेळ मांडायचा असेल तर हा मागून घ्यावा आणि जाताना परत द्यावा.

नुसती प्रगती दाखवायची असेल, इतके टक्के झाले, तितके झाले, तर त्याला सगळा पडदा कशाला पुसायचा? तो १३ क्रमांकाचा हुकूम आठवा. गाडा डावीकडे, ओळ तीच. नवं लिहिलं की जुन्यावर बसतं. फक्त एक काळजी घ्यायची. समजा १०० वरून उलटी मोजणी करताय. १०० लिहिलं, गाडा मागे आणला, ९९ लिहिलं. पडद्यावर काय दिसेल? ९९०! शंभराचं शेवटचं शून्य जागेवरच राहिलेलं असतं. त्यासाठी एस्केप, कंस आणि कॅपिटल के. म्हणजे इथून ओळीच्या शेवटापर्यंत पूस. रुमालाचं काम असताना चादर धुवायला काढू नये.

मजकूर भराभर वर पळत असेल तर त्याला आवरायची साधनं प्रोग्रॅमबाहेर आहेत. ‘मोअर’ हे १९७८ पासूनचं साधन पानापानानं मजकूर दाखवतं. त्याच्यावर कडी करणारं पुढे आलं त्याचं नाव त्यांनी गमतीनं ‘लेस’ ठेवलं, आणि त्यात मागेही जाता येतं. कंट्रोल-एस दाबलं तर मजकूर जागच्या जागी थांबतो, कंट्रोल-क्यूनं सुटतो. हेही टेलिटाइपच्या काळचंच. चुकून कंट्रोल-एस दाबून ‘यंत्र अडकलं’ म्हणत खिडकी बंद करणाऱ्यांची संख्या मोठी आहे, म्हणून कंट्रोल-क्यू फ्रिजवर लिहून ठेवायला हरकत नाही. तसंच, एखादी भलतीच फाइल उघडून खिडकीत सगळी चिन्हं आडवी-तिडवी झाली तर घाबरू नये. त्या फाइलीतल्या काही क्रमांकांना टर्मिनल हुकूम समजून बसलेलं असतं. ‘रीसेट’ असं टाइप करावं (अक्षरं धड दिसली नाहीत तरी) आणि एंटर मारावं. गाडी रुळावर येते.

आणखी एक गोष्ट जी नवशिक्यांना फार छळते. प्रोग्रॅमनं लिहिलेलं लगेच दिसत नाही. सांगली-कोल्हापूरकडच्या वाचकांना वडाप सांगायला नको. जीप भरल्याशिवाय निघत नाही! अक्षरांचंही तसंच. ती आधी एका जीपमध्ये बसवली जातात. समोर टर्मिनल असेल तर ओळ पूर्ण झाली की ड्रायव्हर निघतो, फाइल किंवा दुसरा प्रोग्रॅम असेल तर जीप पूर्ण भरेपर्यंत थांबतो. ‘फ्लश’ ही आज्ञा म्हणजे कंडक्टरनं पत्र्यावर हाणलेली थाप, चल रे निघ. पण प्रोग्रॅम मध्येच कोसळला तर? जीपमध्ये बसून राहिलेले उतारू गेले. शेवटचे दोन-चार संदेश कुणालाच दिसत नाहीत, आणि तपास करणारा भलत्याच ठिकाणी चूक शोधत बसतो. म्हणून चुकांचे संदेश वेगळ्या धारेतून पाठवायची रीत आहे. तिथे वडाप नाही, आला उतारू की सुटली गाडी. मुलांनो, चुकांचे संदेश त्याच धारेत टाकत चला.

पुसलं म्हणजे गेलं का?

आता ज्यांना प्रोग्रॅम लिहायचे नाहीत त्यांच्यासाठी.

ती गाठ मारून ठेवलेली गोष्ट सोडा. नवीन पान काढलं तरी जुनं मागे लोंबत असतं. टर्मिनलमध्ये कंट्रोल-एल दाबून पडदा कोरा झाला की माणूस निर्धास्त होतो. उंदराचं चाक फिरवून वर जाऊन पाहा, बहुतेक ठिकाणी सगळा मजकूर शाबूत सापडेल. मागचा गठ्ठा पुसायचा निरोप निराळा आहे, कंसापुढे २ ऐवजी ३. काही टर्मिनल तो ऐकतात, काही ऐकत नाहीत. तो ऐकला तरी दिलेल्या आज्ञांची यादी एका फाइलीत वेगळीच जपलेली असते. वरचा बाण दाबत गेलं की एकेक करून सगळ्या हजर. ऑफिसात दूरच्या यंत्रावर काम चालू असेल तर तिथेही नोंद राहिलेली असू शकते. पुसलं ते फक्त काचेवरचं.

म्हणून आमचा नियम एकच. पासवर्ड, बँकेचा आकडा, कुठली गुप्त किल्ली चुकून पडद्यावर दिसली तर पुसण्याच्या भानगडीत पडू नये, ती बदलूनच टाकावी. वाचनालयातल्या किंवा दुसऱ्याच्या यंत्रावर असाल तर अधिकच. दाराची किल्ली रस्त्यात पडली तर रस्ता झाडत बसत नाही, कुलूप बदलतो.

याची दुसरी बाजू आणखी चमत्कारिक आहे. निरोप आणि मजकूर एकाच नळीतून येतात म्हटल्यावर मजकुराच्या पोटात कुणीही निरोप दडवू शकतो. इंटरनेटवरून उतरवलेली फाइल ‘कॅट’ या आज्ञेनं पाहिली, सगळं साळसूद दिसलं. पण मध्ये एक घातक ओळ होती आणि तिच्यानंतर लगेच ‘ही ओळ पूस’ असा निरोप होता, तर तुम्हाला ती दिसलीच नाही! यंत्राला मात्र ती दिसते. म्हणून परक्याची फाइल ‘लेस’ मधून पाहावी. ते असे निरोप सहसा न पाळता चिन्हांच्या रूपात उघडे करून दाखवतं.

आणि पुसलं ते खरंच गेलं तर?

आमच्या एका जुन्या नोकरीतली गोष्ट. कंपनीचं नाव नको. तिथे रोज रात्री सगळ्या कामाची प्रत दुसऱ्या यंत्रावर उतरवणारा एक छोटा प्रोग्रॅम होता. ज्यानं लिहिला तो मनुष्य टापटिपीचा. प्रत्येक पायरीआधी तो पडदा आणि मागचा गठ्ठा, दोन्ही पुसायचा. सकाळी येऊन पाहावं तर कोऱ्या पडद्यावर एकच ओळ : ‘काम पूर्ण’. सगळे खूश. एक दिवस मूळ यंत्राची डिस्क बसली आणि प्रत काढायला गेले, तर ती तीन आठवडे जुनी. तीन आठवडे रोज रात्री तिसऱ्या पायरीला ‘जागा संपली’ असं प्रोग्रॅम सांगत होता, आणि चौथ्या पायरीला तोच स्वतःच्या हातानं ते पुसत होता. एका सहकारी बाईंची त्या तीन आठवड्यांतली मोजमापं कायमची गेली. त्या काही बोलल्या नाहीत, नुसती वही काढून पुन्हा पहिल्यापासून मोजायला बसल्या. आरडाओरडा केला असता तर बरं वाटलं असतं.

हे झालं आमच्यासारख्यांच्या पातळीवरचं. मोठ्या पातळीवरचं उदाहरण पेनसिल्व्हेनियातल्या वाचकांच्या अंगणातलंच आहे. २८ मार्च १९७९ ला पहाटे चारच्या सुमाराला हॅरिसबर्गजवळ, सस्क्वेहाना नदीतल्या थ्री माइल आयलंडवरच्या अणुवीज केंद्रात अपघात झाला. सुरुवातीच्या काही मिनिटांतच नियंत्रण कक्षात शंभराहून अधिक इशारे एकदम सुरू झाले, आणि बिनमहत्त्वाचे दाबून टाकायची सोय नव्हती. इशारे छापणारं यंत्र होतं, पण त्याचा वेग तो किती? एका वेळी ते घडणाऱ्या घटनांच्या अडीच तासांहून अधिक मागे पडलेलं होतं, आणि मध्येच ते अडकलं तेव्हा मोलाची माहिती गेली. समोर रिॲक्टर तापतोय आणि कागदावर अडीच तासांपूर्वीची बातमी उमटतेय!

त्याहून बोलकी गोष्ट एका दिव्याची. दाब कमी करणारी एक झडप उघडी अडकून बसली होती आणि तिच्यातून पाणी निघून चाललं होतं. नियंत्रण फलकावरचा दिवा मात्र सांगत होता की सगळं ठीक. कारण तो दिवा झडपेची स्थिती दाखवतच नव्हता. झडपेला ‘बंद हो’ असा निरोप गेला आहे, एवढंच दाखवत होता. ही चूक लक्षात येऊन पुढची झडप बंद होईपर्यंत दोन तासांहून अधिक काळ गेला. निरोप धाडणं वेगळं आणि तो पाळला जाणं वेगळं, हे वर पाटीच्या बाबतीत आम्ही इतकं लांबण लावून सांगितलं ते उगाच नव्हे.

अध्यक्ष कार्टर यांनी नेमलेल्या चौकशी आयोगाचे प्रमुख होते डार्टमथ कॉलेजचे अध्यक्ष जॉन केमेनी, आणि हे नाव प्रोग्रॅमिंगवाल्यांच्या ओळखीचं आहे. थॉमस कर्ट्झ यांच्याबरोबर १९६४ साली ‘बेसिक’ ही भाषा ज्यांनी रचली तेच हे केमेनी. त्यांच्या मूळ बेसिकमध्ये पाटी पुसायची आज्ञा नव्हती, कारण समोर टेलिटाइप होता, कागद होता. छापलं ते छापलं. पुढे घरगुती संगणकांच्या बेसिकमध्ये ‘सीएलएस’ आलं. आपल्याकडे १९८४ नंतर सरकारच्या ‘क्लास’ योजनेतून काही शाळांत बीबीसी मायक्रो आले. त्यावर हात मारलेल्या वाचकांना ते आठवत असेल. ज्या माणसानं विद्यार्थ्यांना यंत्राशी बोलायला शिकवलं, त्यालाच पंधरा वर्षांनी यंत्राचं बोलणं वेळेवर न पोचल्यानं काय होतं, त्याचा अहवाल लिहावा लागला.

तेव्हा बाबा-लोकहो, मुलांना क्लिअर-स्क्रीन शिकवायला जाल तेव्हा तेवढंच शिकवू नका. आधी हे शिकवा की काय आणि किती छापायचं. यशस्वी झालं तर थोडं बोलावं, चुकलं तर स्पष्ट बोलावं आणि फाइलीतही लिहून ठेवावं. धार खिडकीत चालली आहे की फाइलीत, हे प्रोग्रॅमला विचारता येतं. फाइलीत चालली असेल तर रंग, घंटा, पुसणं यातलं काही पाठवू नये, नाहीतर नोंदवहीत नुसते एस्केपचे खडे सापडतात. पुसायचंच असेल तर पर्यायी पडदा घ्यावा. आणि चुकीचा संदेश माणसानं वाचल्याची खात्री झाल्याशिवाय त्यावरून फडकं फिरवू नये.

आमच्या सौ. हे वाचून म्हणाल्या, "म्हणजे आमच्या आईचाच नियम की. जेवणारा हात धुवून उठल्याशिवाय पान उचलायचं नाही." एवढं मोठं लिहायच्या आधी त्यांना विचारायला हवं होतं, असं त्यांचं मत पडलं. ते नोंदवून ठेवतो.

पुढच्या अंकात, तीन-चार वाचकांच्या आग्रहावरून, देवनागरी अक्षरं टर्मिनलच्या चौकोनी घरांत नीट का बसत नाहीत, आणि ‘क्ष’ ला नेमकी किती घरं लागतात, यावर गप्पा मारू. शंका असतील तर नेहमीप्रमाणे मंडळाच्या पत्त्यावर कळवा, किंवा पुढच्या कार्यक्रमात चहाच्या टेबलाजवळ गाठा.